जतच्या माळावरचा पाचवा उद्गार

त्या वर्षी ईस्टरच्या आठवड्यात मी पुण्यात नव्हतो. परत आल्यावर मंडळीतल्या पुष्कळांनी विचारले, "गुरुजी, कुठे गेला होतात?" मी "सांगलीकडे" एवढेच सांगत राहिलो. सांगलीच्या पुढे जे घडले ते रस्त्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखे नव्हते. ते आता सावकाश लिहून काढतो. त्या मुलखात हौसेने कोणी जात नाही, तेव्हा वाचणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी तो पाहिला असेल.

आधी मी पुण्यातून का निघालो ते सांगायला हवे. आमच्या देवळात उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन उपासना असते. प्रभूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पाचवा उद्गार, "मला तहान लागली आहे," हा कित्येक वर्षे माझ्याकडे होता. माझी पत्नी सुशीला आदल्या श्रावणात विषमज्वराने गेली. शेवटच्या दिवशी ती सारखी पाणी मागत होती आणि तिला घोट गिळवत नव्हता. मी कापसाच्या बोळ्याने तिचे ओठ ओले करीत होतो. त्यानंतर मी देवळात जात होतो, उभा राहत होतो, गीतांबरोबर ओठ हलवत होतो, पण प्रार्थना म्हणून काही आतून निघेना. फाल्गुनात पाळकसाहेब म्हणाले, "पाचवा उद्गार नेहमीप्रमाणे तुमच्याकडे ना?" मी हो म्हणालो, घरी आलो आणि मेहुणीला पत्र टाकले की मी साताऱ्याला येतो आहे.

सातारा

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नसे, म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवलेली. खंबाटकीच्या चढावर आम्ही सगळे उतरून मागून चाललो. साताऱ्यात माझी मेहुणी मनोरमा मुलींच्या शाळेत शिकवते. तिने साखर जपून ठेवून माझ्यासाठी गोड शिरा केला होता. सुशीला करी तसाच, वेलची जरा जास्त. आम्ही दोघांनी तो शेवटच्या कणापर्यंत खाल्ला.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, पुण्यात आम्ही बागेतल्या पामची पाने आणतो. साताऱ्याला ओढ्याकाठच्या शिंदीच्या फांद्या आणल्या होत्या. त्यांची टोके सुईसारखी. मुले "होसान्ना" म्हणत फांद्या हलवीत चालली आणि एकमेकांना टोचून रडू लागली. मिरवणूक अजिंक्यताऱ्याच्या बाजूने वळून देवळाशी आली. आत पाळकांनी लढाईवर गेलेल्यांसाठी प्रार्थना सांगितली आणि एकेक नाव वाचू लागले. त्या लहानशा मंडळीतून किती मुलगे गेले होते! कोणी आफ्रिकेत, कोणी इटलीत, कोणी ब्रह्मदेशात.

फाटकाशी एक पेन्शनर सुभेदार उभे होते. फेटा, कोटावर बिल्ले, पांढऱ्या मिशा. ख्रिस्ती नव्हते, शेजारच्या पेठेतले मराठा गृहस्थ. उपासना संपत आली तसे ते वहाणा काढून दारापर्यंत आले आणि मोठ्याने म्हणाले, "सायब, माज्या पोराचंबी नाव घ्या. चार म्हैनं झालं, पत्र न्हाई."

पाळकांनी यादीवरून मान वर केली. "आमचा देव वेगळा आहे, सुभेदारसाहेब. चालेल ना आपल्याला?"

"देव कुनाचा त्ये देवानं बगावं. तुमी नाव घ्या."

पाळकांनी मुलाचे नाव विचारून ते घेतले. सुभेदारांनी लष्करी सलाम ठोकला आणि ते वळून गेले. मनोरमाच्या डोळ्यांना पाणी आले. माझ्या डोळ्यांना आले नाही. मी ते सगळे काचेतून पाहावे तसे पाहत होतो. ह्या माणसाला मागता येते आणि मला येत नाही, एवढेच मनात आले.

सांगली

सांगलीचे पाळक यशवंतराव माझे विद्यार्थिदशेपासूनचे स्नेही. मी पोहोचलो तेव्हा साऱ्या गावाला हळदीचा वास येत होता. हरिपूरच्या वाटेला जमिनीत खोल पेवे खणलेली असतात, त्यांत हळद साठवतात. पेव उघडले की माणसे आधी कंदील सोडून पाहतात, तो विझला तर आत उतरत नाहीत. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसून मी यशवंतरावांना सगळे सांगितले. म्हणालो, "मला ह्या शुक्रवारी कुठेही बोलायला लावू नका. मागे कुठेतरी बसू द्या."

ते म्हणाले, "इथे राहिलात तर लोक ओळखतील, आग्रह करतील. जतच्या बाजूला आमचे एक मास्तर आहेत, दानिएल. पाच-सहा घरांची मंडळी आहे. त्यांना हिवतापाने धरले आहे असा निरोप आलाय. तुम्ही जाऊन त्यांच्याजवळ राहा. तिथे तुम्हाला कोणी बोला म्हणणार नाही."

मला ते पटले. यशवंतरावांच्या ओळखीचे एक जैन व्यापारी लोकरीच्या खरेदीला त्या बाजूला निघाले होते, त्यांनी आपल्या छकड्यात जागा दिली. मोठा शांत माणूस. सूर्य कलला तसे त्यांनी बैल सोडले, फडक्यातून गाळलेले पाणी काढले आणि दिवस मावळायच्या आत जेवून घेतले. मला पत्रावळीवर दशमी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. म्हणाले, "पुढं पानी जपून प्या, गुर्जी. त्या मुलखात तूप मागितलं तर मिळंल, पानी न्हाई."

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. जसजसे पूर्वेला जावे तसतसा ऊस संपतो, मग मळे संपतात, मग झाडेही संपतात. उरतो तो माळ, त्यावर कापलेल्या जोंधळ्याची धसकटे आणि मेंढरांचे कळप. वाटेत भेटणारी माणसे अर्धी मराठी, अर्धी कानडी बोलतात.

माळावरचे गाव

गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या माणसांना तिथेच राहायचे आहे.

मी गुरुवारी पोहोचलो. गावच्या विहिरीशी पहिल्यांदा जे पाहिले तेच आधी सांगतो. विहिरीचा चौथरा उंच आहे. खाली, चौथऱ्यापासून चार हात लांब, एक म्हातारी रिकामी घागर घेऊन उन्हात बसली होती. वर बायका पाणी शेंदत होत्या. कोणाला वेळ झाला आणि मन झाले म्हणजे ती बाई म्हातारीच्या घागरीत वरून पाणी ओती. बराच वेळ कोणाला मन झाले नाही. म्हातारी काही मागत नव्हती, नुसती बसली होती.

ती सारूबाई. बाप्तिस्म्यात सारा, गावात सारू. दानिएल मास्तरांच्या मंडळीतली सर्वांत वडील. ही पाच-सहा घरे महारवाड्यातली. बाप्तिस्मा होऊन एक पिढी गेली, तरी विहीर त्यांना बंद ती बंदच. त्यांचे स्वतःचे पाणी म्हणजे ओढ्याच्या कोरड्या वाळूत खणलेला झरा. पुरुषभर खोल खड्डा, तळाशी पाणी झिरपते, ते करवंटीने वाटी-वाटी भरून घ्यायचे. एक घागर भरायला एक बाई निम्मी सकाळ घालवते.

माझे आजोबा त्याच समाजातले. मी लहान असताना वडिलांबरोबर नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलो होतो. वडील शाळामास्तर, डोक्याला पागोटे, अंगात कोट. त्यांना तहान लागली तेव्हा एका माणसाने त्यांना ओंजळ धरायला लावली आणि वरून पाणी सोडले. ते कोपरांवरून कोटाच्या बाहीत गेले. वाटेत वडील मला म्हणाले, "बाळ, ह्यापुढे असं पाणी आपण प्यायचं नाही. मेलो तरी." तेव्हापासून मी तसे पाणी प्यालो नव्हतो.

दानिएल मास्तर तरुण होते. तापाने पिवळे पडलेले, आवाज पार बसलेला. मला पाहून त्यांनी दोन्ही हात धरले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "प्रभूनेच पाठवलं. उद्याचं मी कुणाकडून करून घेणार होतो?"

मी म्हणालो, "मी फक्त तुमच्याजवळ बसायला आलोय."

"सात नकोत, गुरुजी. एक तरी उद्गार. लोक उपाशीपोटी येतात, ऐकायला येतात. वाचून दाखवायलासुद्धा दुसरं कोणी नाही."

एक उद्गार. मी विचारले, कोणता? ते म्हणाले, "पाचवा. आमच्या माणसांना तो चटकन समजतो."

उत्तम शुक्रवार

शाळेची खोली हेच देऊळ. धाब्याचे छप्पर, एक दार, एक झरोका. पुण्याला आम्ही वेदीवर काळे वस्त्र घालतो, घंटा मुकी ठेवतो. इथे घंटा नव्हती आणि वेदीही नव्हती. बाभळीच्या दोन फांद्या सुंभाने बांधून क्रूस केला होता, काटे न तासता. माणसे जमिनीवर बसली होती. सकाळपासून कोणाच्या पोटात अन्न नव्हते की पाणी नव्हते. त्यांचा नेम असा की तीन वाजेपर्यंत थेंबही घ्यायचा नाही, मग हुलग्याच्या पातळ माडग्याने उपास सोडायचा.

सारूबाईने गीत धरले. सूर भलताच उंच लागला, कोणाला पोहोचेना, तरी सगळे म्हणत राहिले. मग दानिएल मास्तरांनी मला खूण केली.

मी उभा राहिलो आणि वाक्य वाचले. "मला तहान लागली आहे." त्याच्या पुढे मला बोलता येईना. मला सुशीलेचे ओठ दिसत होते. मी पुन्हा तेच वाक्य म्हणालो. लोक वाट पाहत होते. माझा स्वर चढला असावा, कारण तिसऱ्यांदा म्हणताना तो मलाच परक्यासारखा ऐकू आला. "मला तहान लागली आहे!"

मी तसाच उभा राहिलो.

थोड्या वेळाने दारातला उजेड अडला. एक धनगर दारात उभा होता. खांद्यावर घोंगडे, डोक्याला लाल मुंडासे, हातात पितळेचा मोठा तांब्या. बाहेरच्या लिंबाच्या सावलीत त्याची मेंढरे बसली होती. त्याचे नाव बिरू हे मला मागाहून कळले.

"कोन तानलंय हितं?" तो म्हणाला. "मगाधरनं वराडाय लागलंय. ईरीव जाऊन पानी आनलंय म्या. घ्या."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी त्याला काय सांगणार होतो? की हे वराडणे माझे नव्हे, प्रभूचे आहे? मी पुढे झालो.

"आवं, वंजळ करा की," तो म्हणाला आणि त्याने तांब्या उंच धरला.

त्याच्या बोलण्यात कसलाही हेटाळणीचा सूर नव्हता. त्याच्या मुलखात पाणी असेच देतात, म्हणून तो तसे देत होता. पण माझे हात जोडले गेले नाहीत. मी म्हणालो, "दादा, तू उन्हातून पाणी आणलंस, तुझे उपकार आहेत. पण वरून ओतलेलं पाणी मी पीत नाही. तांब्या हातात दिलास तर पिईन."

दानिएल मास्तर माझ्यामागून पुटपुटले, "गुरुजी, राहू द्या. तुम्ही परवा जाल. आम्हाला इथंच राहायचं आहे."

त्यांचे बरोबर होते आणि मला बोललेले मागे घेता येत नव्हते.

बिरूने तांब्याकडे पाहिले. बाहेर मेंढरांकडे पाहिले. चेहऱ्यावरून त्याला ही अडचण नवी होती असे दिसले. "काल ह्याच तांब्यानं आजारी कोकराला पाजलंय," तो स्वतःशीच बोलावे तसा म्हणाला. "कोकरू त्वांड लावतंय तर मानसानं का न्हाई लावायचं?" आणि त्याने तांब्या माझ्या हातात दिला.

तीन वाजायचे होते. मी तांब्या तोंडाला लावला. पाणी कोमट होते, त्याला लोकरीचा वास होता. पहिला घोट गिळताना घसा दुखला, आणि त्याबरोबर आठ महिने आत अडकलेले काहीतरी सुटले. मी उभ्या उभ्या रडलो. लपवले नाही. तांब्या सारूबाईला दिला. तिने एकदा बिरूकडे पाहिले, मग डोळे मिटून घोट घेतला आणि पुढे दिला. खोलीत सगळ्यांच्या ओठांना तो तांब्या लागला. नेम मोडला, पण कोणी तसे म्हणाले नाही.

बिरू उंबऱ्यावर टेकला. "पर तान लागली हुती कुनाला?"

"देवाला," सारूबाई म्हणाली. "खांबाव टांगला हुता तवा."

"मंग दिलं का न्हाई कुनी पानी?"

"आंबलेलं दिलं, बाबा. बोळ्यानं. व्हटाला लावलं."

"आरारा," बिरू म्हणाला. उपासना संपेपर्यंत तो तिथेच बसून राहिला.

मी पुढे काही बोललो नाही. बोळ्याने ओठ ओले करणारे हात मी इतके दिवस फक्त माझेच समजत होतो. प्रभूच्या ओठांनाही कोणीतरी बोळाच लावला होता, हे मी इतकी वर्षे वाचत होतो आणि त्या दुपारी पहिल्यांदा ऐकले.

शनिवार

हे इथेच संपले असते तर मला बरे वाटले असते. पण कोणीतरी दारातून पाहिले होते. शनिवारी सकाळी चावडीवर बिरूला बोलावणे गेले. त्याचा तांब्या बाटला, म्हणून त्याने गावच्या विहिरीला हात लावायचा नाही, आणि त्याच्या मेंढरांना विहिरीच्या दगडी डोणीवर पाणी नाही. रविवारी सूर्य उगवायच्या आत त्याने कळप घेऊन गाव सोडावे.

मी त्याच्या वाड्यावर गेलो. वाडा म्हणजे काटेरी झुडपांचे कुंपण, आत मेंढरे. चावडीवर जाऊन मी बोलतो, असे मी त्याला म्हणालो.

"नगं," तो म्हणाला. "तुमी बोलशीला तर ह्या गरिबांच्या घरांव येतंय. आमाला जायाचंच हुतं की. आता दोन दिस आदी जातू."

पण त्याची बायको मायाक्का पुढे आली. कडेवर कोकरू, कपाळावर मोठे कुंकू. तिने मला सोडले नाही. "तुमच्या देवाची तान भागली. आमच्या मेंढरांची कुनी भागवायची? म्होरलं पानी लय लांब हाय. गाभण मेंढ्या वाटंत पडल्या तर तुमचा देव येतूय व्हय उचलायला?"

मान खाली घालून मी परत आलो आणि सारूबाईला सांगितले. ती भाकरी थापत होती. तिने भाकरी तव्यावर टाकली, हात झटकले आणि म्हणाली, "आपला झरा हाय की."

दानिएल मास्तर म्हणाले, "सारूआत्या, कळपाला पाजायचं तर झरा तळाला जाईल. उद्या ईस्टर. आपल्याला काय राहील?"

"मास्तर, त्येनं आपल्याला इचारलं हुतं का, मला काय ऱ्हाईल म्हनून?"

दुपारपासून घराघरातली भांडी ओढ्यात आली. घागरी, मडकी, माडगे शिजवायचे पातेले, एक पत्र्याचा डबा. एकेक जण पाळीने खड्ड्यात उतरे, करवंटीने पाणी भरी आणि वर देई. हे रात्रभर चालले, मीही उतरलो. आत गार असते. पाणी झिरपताना वाळूचा बारीक आवाज येतो, तो ऐकत वाट पाहायची. वाळूत एक उथळ खळगा करून तो चिखलाने लिंपला, त्याची डोण झाली.

ईस्टर

रविवारी तांबडे फुटायला बिरूचा कळप ओढ्यात उतरला. पाण्याचा वास लागताच मेंढरे धावली. आम्ही रांगेने उभे राहून भांडी रिती करीत होतो आणि मेंढरे पीत होती, तो एकसारखा चुटुचुटु आवाज तेवढा ऐकू येत होता. कोणी गीत म्हटले नाही. दानिएल मास्तरसुद्धा घोंगडे पांघरून रांगेत होते.

शेवटचे मडके राहिले तेव्हा सारूबाईने ते बिरूपुढे धरले. त्याने तोंड लावून पाणी घेतले. तिने मायाक्काकडे पाहिले. मायाक्का म्हणाली, "मी न्हाई पिनार." मग जरा थांबून, "रागानं न्हाई गं. मन धजत न्हाई." तिने कडेवरच्या कोकराचे तोंड मडक्यात घातले. ते पिऊन झाल्यावर तिने सारूबाईला विचारले, "तुमास्नी काय ठिवलंसा?"

"यील की," सारूबाई म्हणाली.

कळप माळ चढून गेला. धूळ खाली बसायला वेळ लागला. मग आम्ही झऱ्याभोवती वाळूवर बसलो. शाळेच्या खोलीकडे जायचे कोणाला सुचले नाही. हात-पाय चिखलाचे होते. दानिएल मास्तरांनी माझ्याकडे पाहिले, आणि मी न सांगता उठलो व प्रार्थना केली. ती काय होती ते मला आठवत नाही. सुशीलेचे नाव घेतले एवढे आठवते, बिरूचे घेतले, साताऱ्याच्या सुभेदारांच्या मुलाचेही घेतले. मोठ्या आवाजात, थांबत थांबत, पण आतून.

"आमेन" झाल्यावर कोणी उठले नाही. खड्ड्याचा तळ कोरडा दिसत होता. ऊन वर चढू लागले. सारूबाई काठावर पालथी पडून आत डोकावत होती, एक हात वाळूत रुतवून. आम्ही सगळे तिच्याकडे पाहत होतो. बऱ्याच वेळाने तिने मागे न पाहता करवंटीसाठी हात पुढे केला.

"आलं," ती म्हणाली.